माशाला कांजिण्या आल्यात? आधी श्वास मोजा

सकाळी साडेसहाला, टाकीचे दिवे लागायच्या आधी, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून माशांची हजेरी घ्यायची हा आमच्या सासूबाईंचा नेम. गेल्या वर्षी जुलैत त्यांनीच मला ओट्यापासून ओढून नेलं. "अगं, तुझ्या निमोला कांजिण्या आल्यात." क्लाउनफिशच्या डाव्या अंगावर सहा ठिपके, शेपटीवर तीन. बारीक रव्याच्या कणाएवढे, पांढरे, सुटे सुटे.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. २२ वर्षं लोकांच्या रक्ताच्या स्लाइड्स बघून एक सवय लागली आहे की नमुना नीट बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीपाशी ही सवय मी एकदा विसरले आणि सहापैकी चार मासे घालवले. ते पुढे सांगते.

ठिपके दिसल्या दिसल्या पाण्यात काहीही ओतू नका. हळद नको, कडुलिंबाचा पाला नको आणि गोड्या पाण्याच्या माशांसाठी मिळते ती निळ्या औषधाची बाटली तर नकोच. गोड्या पाण्यातला व्हाइट स्पॉट आणि समुद्री व्हाइट स्पॉट हे दोन वेगळे जीव आहेत. गोल्डफिशवाला शेजारी सांगेल, मीठ टाका आणि पाणी गरम करा. आपला मासा आधीच मिठात पोहतोय, हे त्याला प्रेमाने सांगा.

पहिली दहा मिनिटं

खुर्ची ओढून टाकीसमोर बसा. मासा बिचकला असेल तर दोन मिनिटं जाऊ द्या. मग घड्याळ लावून १५ सेकंद कल्ल्यांच्या झाकणांची उघडझाप मोजा आणि चारने गुणा. नॉर्मल आकडा माशागणिक वेगळा असतो, म्हणून तब्येत धडधाकट असतानाचा आकडा आधीच वहीत टिपलेला हवा. माझा क्लाउन स्वस्थ असताना मिनिटाला साधारण ८० श्वास घेतो. त्या सकाळी ८४ भरले. म्हणजे चहा प्यायला वेळ होता.

मग चिमूटभर खाणं टाकून बघा, येतोय का. पंपाच्या धारेत तोंड खुपसून एकाच जागी उभा राहतोय का? उजेड लागला की दगडाआड पळतोय का? वाळूला अंग घासतोय का? शेवटी टॉर्च. सरळ समोरून मारला तर काही कळत नाही. बाजूने तिरका मारा आणि मासा तुमच्याकडे तोंड करून येईल तेव्हा त्याच्या पाठीची कड बघा. ठिपके उठलेले असले तर त्या कडेवर दिसतात. मोजा, फोटो काढा, वेळ लिहा. फोटो पांढऱ्या उजेडात काढा, निळ्या दिव्यांखाली निरोगी मासाही ठिपकेदार दिसतो.

यातले काही ठिपके रोगाचे नसतातच. सम्पमधलं, म्हणजे टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीतलं, पाणी कमी झालं की पंप हवा ओढतो आणि बारीक बुडबुडे परांना चिकटतात, तासाभरात जागा बदलतात. वाळूचा कणही चिकटतो. अशा बुडबुड्यांवर औषध चालू करणारा एक गृहस्थ मला माहीत आहे. नाव सांगत नाही, घरातलाच आहे.

कुठला ठिपका कुणाचा

सुटे, मोजता येणारे, मिठाच्या किंवा रव्याच्या कणासारखे ठिपके असतील तर बहुतेक वेळा तो समुद्री इच, म्हणजेच मघाचा समुद्री व्हाइट स्पॉट. क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स नावाचा एकपेशीय परजीवी. हे नाव त्याला १९५१ साली मिळालं, म्हणजे मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं त्याच वर्षी. लहानपणी तिथल्या काचांना नाक लावून मी तासन् तास उभी असायची, ठिपके मोजायची अक्कल तेव्हा नव्हती. हा परजीवी कातडीच्या आत शिरून बसतो, म्हणून वरवर पुसून किंवा माशाला धुऊन जात नाही.

ठिपके मोजताच येत नसतील, माशावर पीठ किंवा सोनेरी धूळ भुरभुरल्यासारखी वाटत असेल, तर तो व्हेल्वेट, म्हणजे अमायलोओडिनियम, हाही एकपेशीय परजीवीच. इथे मात्र चहा प्यायला वेळ नाही. हा आधी कल्ल्यांवर बसतो, अंगावर धूळ दिसेपर्यंत मासा अर्धमेला झालेला असतो आणि कधीकधी काहीच न दिसता मरतो. श्वास धापांसारखे, धारेत तोंड, उजेडाची भीती आणि कालपर्यंत खाणारा आज उपाशी, ही चार लक्षणं एकत्र आली तर ठिपक्यांची वाट बघू नका.

माझे चार मासे यानेच गेले. एका दुकानात पावडर ब्लू टँग दिसला. टँग जातीच्या माशांना ठिपके लवकर धरतात हे माहीत होतं, पण रंगाला भुलले आणि वेगळं न ठेवता थेट मोठ्या टाकीत सोडला. चौथ्या दिवशी त्याच्या परांवर बारीक पांढरं काहीतरी दिसलं. दुकानदाराने फोनवर सांगितलं, "इच आहे, मॅडम. लसूण द्या, आठवड्यात जाईल." मीही तेच ऐकायला टपले होते. टँग पंपासमोर उभा होता, त्याचं मी 'व्यायाम करतोय' म्हणून कौतुक केलं. सहाव्या दिवशी तो गेला, आठव्या दिवसापर्यंत आणखी तीन. शेवटच्या माशाच्या कल्ल्याचा तुकडा स्लाइडवर घेतला तेव्हा शेकडो तपकिरी, पेरूच्या आकाराच्या गाठी ओळीने चिकटलेल्या दिसल्या. लसूण कसला देताय.

तिसरा परजीवी ब्रुकलिनेला. हा क्लाउनफिशच्या फार मागे लागतो, विशेषतः समुद्रातून पकडून आणलेल्यांच्या. यात ठिपक्यांपेक्षा बुळबुळ जास्त असते. अंगावर पांढुरके पट्टे, दुधाच्या सायीसारखा थर, तो सोलून लोंबतोय असं दिसतं. मासा दोनतीन दिवसांतही जाऊ शकतो आणि इच-व्हेल्वेटवर चालणाऱ्या तांब्याच्या औषधाचा याच्यावर उपयोग होत नाही. म्हणूनच 'पांढरं दिसलं की तांबं' हा नियम क्लाउनफिशला महागात पडतो. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे. हॅचरीतली पिल्लं मिळत असतील तर तीच घ्या, निम्मा घोर तिथेच कमी होतो.

परांच्या कडेला फुलकोबीच्या तुऱ्यासारखी गाठ असेल आणि ती आठवडाभर त्याच जागी असेल, तर ते लिम्फोसिस्टिस. हा विषाणू आहे, तेव्हा सासूबाईंच्या कांजिण्यांच्या जवळ जाणारं काही असेल तर हेच. याला औषध नाही. पाणी चांगलं ठेवा, खायला चांगलं द्या, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गाठ आपोआप गळते. लोक ती कात्रीने कापायला जातात. कृपा करून जाऊ नका.

पिवळ्या टँगवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके हे बारीक चपट्या कृमींचं काम असतं. क्रोमिस जातीच्या माशाच्या अंगावर लाल, रक्ताळलेला चट्टा दिसला तर युरोनेमा या परजीवीचा संशय घ्यावा आणि त्या माशाला लगेच बाजूला करावं. तिथे आशा कमीच असते.

ज्यांच्याकडे मायक्रोस्कोप आहे त्यांनी तो वापरावा. शाळेत असतो तसला, १०० पट मोठं दाखवणारा पुरतो. मेलेल्या माशाचा नमुना ताबडतोब घ्या, उशीर झाला की परजीवी अंग सोडून जातात. काचेच्या कडेने अंगावरची बुळबुळ अलगद खरवडून टाकीच्याच पाण्याच्या थेंबात ठेवा. मोठा, गडद, स्वतःभोवती सावकाश लोळणारा गोळा म्हणजे इच. चिकटून बसलेला, न हलणारा, तपकिरी थेंब म्हणजे व्हेल्वेट. राजम्याच्या आकाराचा आणि सुळकन सरकणारा तो ब्रुकलिनेला. एकदा बघितलेत की विसरणार नाही.

पाचव्या दिवसाची फसवणूक

माझ्या निमोचे नऊ ठिपके इचचे होते. पाचव्या दिवशी त्यातला एकही राहिला नाही. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी मात्र त्याच दिवशी उपचारांसाठीची वेगळी टाकी, आमची दवाखान्याची टाकी, भरली.

इच माशाच्या अंगावर साधारण तीन ते सात दिवस राहतो, पोट भरलं की सुटून खाली पडतो आणि वाळूवर, दगडावर, काचेवर स्वतःभोवती कवच करून बसतो. आत त्याची विभागणी होते, एकाचे शेकडो होतात. कवच फुटायला तीन दिवसही लागतात, चार आठवडेही लागतात, आणि ७२ दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. फुटतं ते बहुधा अंधारात, पहाटेकडे, जेव्हा मासा दगडाच्या खबदाडीत स्वस्थ झोपलेला असतो. बाहेर पडलेल्या पिल्लांना एकदोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. पण मासा तिथेच असतो, बंद टाकीत जाणार कुठे?

म्हणून पाचव्या दिवशी स्वच्छ झालेला मासा बघून लोक म्हणतात, लसणाने गेलं, थेंबांनी गेलं, क्लीनर श्रिंपने खाल्लं. तुम्ही काही केलं नसतंत तरी पाचव्या दिवशी ठिपके गेलेच असते. दहा-बारा दिवसांनी परत येतात ते नऊ नसतात, नव्वद असतात. त्या दिवसांत टाकीचं पाणी ३० अंशांवर गेलेलं असेल तर हे चक्र आणखी वेगाने फिरतं आणि कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी.

दवाखान्याची टाकी

मोठ्या टाकीत तांबं टाकता येत नाही. प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी सगळे मरतात आणि दगड-वाळू ते तांबं पिऊन बसतात. उपचार वेगळ्याच टाकीत करायचे आणि सगळ्या माशांवर करायचे, ज्याच्या अंगावर ठिपका नाही त्याच्यावरही.

माझी टाकी दीड फूट बाय एक फूट बाय एक फूट, म्हणजे साधारण ४० लिटरची. तळाला काही नाही. लपायला प्लंबरकडून आणलेले तीन इंची पीव्हीसी एल्बो. एक एअर पंप, एक स्पंज फिल्टर. तो स्पंज एरवी मोठ्या टाकीच्या सम्पमध्ये पडलेला असतो, म्हणजे गरज पडली की जीवाणूंनी भरलेला तयार मिळतो. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप शेजारी टांगलेला असतो. वर झाकण हवंच, घाबरलेला मासा उडी मारतो.

या टाकीत मासे रोगापेक्षा अमोनियाने जास्त मरतात. रोज टेस्ट करा, आकडा दिसला की एक चतुर्थांश पाणी बदला. अमोनिया बांधून ठेवणारी कंडिशनरची बाटली तांब्याबरोबर वापरू नका. तांब्याचं रूप बदलून ते माशालाच विषारी होऊ शकतं.

तांबं

माझ्या आजोळी, कोकणात, सुपारीवर फवारायला मोरचूद आणि चुना कालवायचे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, तेव्हा कुणाच्याही मनात येईल की घरातलं वापरू. शेतीचं मोरचूद वापरू नका, त्यात आणखी काय काय आहे कळत नाही. आणि इथे मामला मिलिग्रॅमचा आहे. ४० लिटरमध्ये लिटरला अर्धा मिलिग्रॅम तांबं म्हणजे सगळं मिळून २० मिलिग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते दिसतसुद्धा नाही.

माशांसाठी मिळणारं तांबं मुख्यतः दोन तऱ्हेचं असतं आणि दोघांचे आकडे वेगळे आहेत. चिलेटेड (दुसऱ्या रसायनात बांधलेलं तांबं) प्रकार लिटरला २.० ते २.५ मिलिग्रॅमवर ठेवतात. आयोनिक (मोकळं तांबं) प्रकार त्याच्या कितीतरी खाली, ०.५ किंवा त्याहूनही कमी, बाटलीवर जो असेल तो. एकाचा आकडा दुसऱ्याला लावलात तर एकतर मासा मरतो किंवा परजीवी मजेत राहतो. मी चिलेटेड वापरते, कारण ते पाण्यात स्थिर राहतं.

पहिल्या दिवशी ०.५, दुसऱ्या दिवशी १.०, मग १.५, चौथ्या दिवशी २.० च्या वर. इचला हा सावकाशपणा चालतो. व्हेल्वेटला नाही, तिथे एकदोन दिवसांत वर न्यावं लागतं. रोज मोजा. रंग जुळवायच्या किटवर माझा भरवसा नाही, ट्यूबलाइटखाली २.० आणि २.५ एकच दिसतात. डिजिटल कलरीमीटर महाग आहे, पण एका टँगपेक्षा स्वस्त पडतो. आयोनिकसाठी बनवलेलं किट चिलेटेड तांबं पूर्ण मोजेलच असं नाही, विकत घेताना विचारा.

आकडा २.० ला पोचला त्या दिवसापासून ३० दिवस मोजायचे. मध्ये एक दिवस जरी खाली घसरला तरी गणती पुन्हा एकपासून. पाणी बदलताना नव्या पाण्यात आधीच तेवढं तांबं घालून ठेवा, इथेच बहुतेकांचा आकडा घसरतो. फिल्टरमध्ये कार्बन नको, तो तांबं शोषतो. पहिले काही दिवस मासा कमी खाईल. अजिबात सोडलं तर आकडा वाढवणं थांबवा, दोन दिवस तिथेच राहू द्या. निमोने तिसऱ्या दिवशी पाठ फिरवली होती, गोठवलेली मायसिस कोळंबी दिल्यावर परत आला.

पफर किंवा मँडरिनसारख्या तांबं न सोसणाऱ्या माशांना इच झाला तर टाकी-बदल करा. दर ७२ तासांनी मासा जाळीने, शक्य तितकं कमी जुनं पाणी घेऊन, दुसऱ्या कोरड्या-स्वच्छ टबातल्या ताज्या खाऱ्या पाण्यात. असे चार बदल. अंगावरून पडलेली कवचं किमान तीन दिवस फुटत नाहीत आणि तोवर मासा तिथून निघालेला असतो. मला ही पद्धत मनापासून आवडते, औषधाचा थेंबही लागत नाही. दोन टब, दोन एअर स्टोन, आणि रिकामा झालेला टब धुऊन पूर्ण वाळवायचा. व्हेल्वेटवर हिच्या भरवशावर राहू नका. पाण्याचा खारेपणा (स्पेसिफिक ग्रॅव्हिटी) १.००९ पर्यंत उतरवूनही इच मारता येतो, पण तो मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर चुकीचा असेल तर महिना फुकट जातो आणि व्हेल्वेट त्याने मरत नाही.

ब्रुकलिनेलाला फॉर्मेलिन. ३७ टक्क्यांचं, चार लिटर खाऱ्या पाण्याला एक मिली, ३० ते ४५ मिनिटं, जोरात हवा सोडून, आणि तुम्ही पूर्ण वेळ तिथेच उभे. मासा कलंडला तर लगेच बाहेर. बाटलीच्या तळाशी पांढरा साका असेल तर ती टाकून द्या, तो माशाला घातक असतो. हे काम बाल्कनीत, हातमोजे घालून करा. फॉर्मेलिनने कर्करोग होऊ शकतो, लॅबमध्ये आम्ही ते उघड्यावर हुंगत नाही.

धापा टाकणाऱ्या माशाला तात्पुरता दिलासा गोड्या पाण्याच्या आंघोळीने मिळतो. आरओचं पाणी, टाकीइतकंच तापमान, खाण्याचा सोडा घालून पीएच ८.२, अर्धा तास आधीपासून त्यात हवा सोडलेली. चार-पाच मिनिटं. चपटे कृमी असतील तर ते पांढरे होऊन टबाच्या तळाशी पडतात, म्हणजे निदानही झालं. इच कातडीखाली असतो, त्याला याने फरक पडत नाही.

७६ दिवस

मोठी टाकी एवढे दिवस माशांशिवाय, म्हणजे ७२ दिवसांनी फुटणारं कवच धरूनही पिल्लं उपाशी मरावीत. प्रवाळ, कोळंब्या, दिवे, पंप सगळं नेहमीसारखं. जाळी, ओला हात, दवाखान्याच्या पाण्याचा एक थेंबही इकडे येता कामा नये. मी आधी मोठ्या टाकीचं काम करून मग दवाखान्याला हात लावते, कधीच उलटं नाही. या दिवसांत टाकीपाशी कुणी फिरकत नाही, सासूबाई सोडून. त्या कोळंबीची हजेरी घेतात.

निमोला सप्टेंबरअखेर परत सोडला. तांब्यात राहिलेला स्पंज फेकून दिला. एल्बो, टाकी, एअर ट्यूब गच्चीवर कडक उन्हात वाळवली. आणि दवाखान्याच्या बादलीवर मोठ्या अक्षरांत लाल ऑइल पेंटने 'तांबं' लिहिलं, दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूला लिहिलं होतं तेव्हा बुडबुड्यांवर औषध करणाऱ्या त्याच गृहस्थाने ती पाठमोरी उचलून मोठ्या टाकीत पाणी ओतलं होतं. तीन गोगलगायी गेल्या.